खोक्यावर उन्हाळाही छापा

मागच्या नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली गोष्ट. नागपुरात धरमपेठेतल्या एका झाडाखाली डिलिव्हरीचा एक पोरगा गाडी लावून उभा होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि हँडलच्या पकडीतल्या फोनलाही ओला रुमाल गुंडाळलेला. नकाशा दिसेल एवढीच फट ठेवली होती. ताप चढलेल्या पोराच्या कपाळावरची घडी आई ओली करत राहते, तसा तो बाटलीतलं पाणी बोटांनी रुमालावर शिंपडत होता. मी विचारलं तर हसून म्हणाला, ‘‘त्याले कूलर लावला सर. नाही तं बंद पडून राह्यला ना.’’

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. फोनवर पाणी शिंपडू नये, आत गेलं तर बोर्ड जाईल, हे सांगणं मला भागच होतं. सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मी वळताच पुन्हा शिंपडलं. मला राग आला नाही, कारण ४५ अंशांच्या हवेत तो फोन थंड करायचा तोच एक मार्ग त्याच्याकडे उरला होता. वेडा तो नव्हता. त्या फोनची मोजमापं ज्यांनी ठरवली त्यांनी त्याची दुपार धरलीच नव्हती.

नव्या फोनच्या खोक्यात कागदाची एक बारीक घडी असते. ती कुणी उघडत नाही. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगते. सॅमसंगची मर्यादाही तीच आहे. ३५ अंश म्हणजे नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे साधारण होळीच्या सुमाराची दुपार. त्यानंतर पारा जो वर जातो तो मृग लागेपर्यंत उतरायचं नाव घेत नाही. शिवाय हवामान खातं सांगतं ते तापमान सावलीतलं असतं, जमिनीपासून चारेक फूट वर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं. हँडलवरच्या फोनला कुठली पेटी आणि कुठली सावली?

एका ठरावीक तापमानात, समजा ४५ अंशांत, हे यंत्र किती वेळ आणि किती वेगानं चालेल, हे भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनच्या आणि टॅबच्या खोक्यावर छापणं सक्तीचं हवं, असं माझं मत आहे. आणि यंत्र उष्णतेमुळे स्वतःला मंद करत असेल, तर ते मालकाला पडद्यावर दिसायला हवं. या दोन मागण्यांपलीकडे या लेखात माझं काही मागणं नाही.

आता त्या ओल्या रुमालाकडे येतो.

उष्णता पाण्यासारखी उतारावरून वाहते, गरम बाजूकडून थंड बाजूकडे. उतार जेवढा तीव्र तेवढी ती जोरात वाहते, आणि उतारच नसेल तर वाहतच नाही. फोनमधली चिप ८०-९० अंश सहज सोसते. सोसत नाहीत ते दोघं, बॅटरी आणि माणसाचा तळहात. त्यामुळे फोनची पाठ साधारण ४३-४५ अंशांच्या वर जाऊ नये असा प्रयत्न बनवणारे करतात. समजा हद्द ४३ ची धरली. बाहेर २५ अंश असतील तर फोनच्या पाठीपासून हवेपर्यंत १८ अंशांचा उतार मिळतो. बाहेर ३५ झाले की ८ अंशांचा. बाहेर ४३ झाले की उतार संपला. हवा ४५ ची झाली की गंगा उलटी वाहायला लागते आणि हवाच फोनला तापवते.

यात ऊन धरलेलं नाही. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट ओततं. फोनचा चेहरा साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि सोळा सेंटिमीटर लांब, म्हणून त्याच्या वाट्याला आले १२ वॉट. काळी काच त्यातले बहुतेक पिऊन टाकते. हातात मावणारा, पंखा नसलेला फोन सलग काम करताना स्वतः जेमतेम तीन-चार वॉट उष्णता तयार करतो. म्हणजे ऊन त्याला स्वतःच्या तिप्पट तापवतं. वर उन्हात दिसावं म्हणून पडदा आपोआप उजळ होतो, त्यानं आणखी वीज खर्च होते, आणखी ताप वाढतो. शेवटी ताप असह्य झाला की फोन पडदाच अंधुक करतो. नेमका तेव्हाच त्या पोराला गल्लीचं नाव वाचायचं असतं.

मग उतार नसताना थंड व्हायचं कसं? घामानं. माठानं. कूलरनं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. एका किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात आणि ती उष्णता मागे राहणाऱ्या वस्तूतून काढली जाते. या खेळाला तापमानाचा उतार लागत नाही, कोरडी हवा लागते. विदर्भाच्या मे महिन्यात ती फुकट मिळते. म्हणूनच इथे लाकडाच्या बारीक तंतूंच्या नाहीतर वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालतो आणि मुंबईत तोच कूलर घरात नुसता दमटपणा भरतो. पोरानं फोनला घाम फोडला होता, एवढंच.

कौतुकानं सांगावीशी गोष्ट अशी की फोनच्या आतही एक माठ असतो, निदान महागड्या फोनच्या. सीताबर्डीत दुरुस्तीच्या दुकानात मी असा एक उघडलेला फोन पाहिला. कारागिरानं चिमट्यानं तांब्याची एक चपटी पट्टी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. वहीच्या पुठ्ठ्याएवढी जाड, वजन जवळपास नाहीच. आत हवा काढून घेतलेली, चिमूटभर पाणी भरलेलं, आणि आतल्या भिंतींना तांब्याची जाळी. चिपकडच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ गार टोकाला पळते, तिथे पुन्हा पाणी होऊन जाळीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, मागे येते. मोटर नाही, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. मी ती हातात घेतली आणि दुसरं टोक त्यानं सोल्डरिंग गनच्या जवळ धरलं. गन बाजूला व्हायच्या आत मला पट्टी टाकावी लागली, इतक्या झटकन उष्णता माझ्या बोटांपर्यंत आली. कारागीर खूश. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हा प्रयोग दाखवत असावा.

या युक्तीचं पेटंट अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळालं होतं. त्यांच्या डोक्यात फ्रीज होता. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशयानांच्या कामासाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिलं. तिथून ती उपग्रहांत गेली, मग लॅपटॉपमध्ये, आणि २०१६ पर्यंत सॅमसंगच्या एस-७ सारख्या फोनमध्ये. २०२५ मध्ये आयफोनच्या प्रो मॉडेलांनीही तिची चपटी बहीण, व्हेपर चेंबर, आत घेतली. शोध म्हणून मला ही वस्तू फार आवडते. पण तिचा माठ बंद तोंडाचा आहे. वाफ बाहेर जात नाही. ती उष्णता चिपपासून फोनच्या पाठीपर्यंत पोहोचवते, पाठीपासून पुढे ४५ अंशांच्या हवेत ढकलू शकत नाही. उतार नसला तर तिचंही काही चालत नाही. आणि स्वस्त फोनमध्ये तीही नसते. तिथे ग्राफाइटच्या पातळ पट्टीवर भागवलेलं असतं.

म्हणजे शेवटी उरतो एकच उपाय. उष्णता बाहेर टाकता येत नसेल तर कमी तयार करा. इथे दुसरा मोठा शोध येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चिपला लागणारी वीज ही तिच्या घड्याळाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या, प्रमाणात असते आणि तिला दिलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवा: ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. वेग दहा टक्के गेला आणि उष्णता २७ टक्के वाचली. वर्गात मी हे फळ्यावर मांडतो तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात. एवढा फायद्याचा सौदा इंजिनिअरिंगमध्ये वारंवार सापडत नाही.

याची गरज एका हुकलेल्या अंदाजातून आली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीक स्विच, लहान करत गेलं की त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात कमी होते, म्हणून चिपचा ताप वाढत नाही. तीस वर्षं हे चाललं. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चिपची योजना सोडून दिली. तिथून पुढे वेगाची शर्यत थांबली आणि ताप सांभाळायची सुरू झाली. एका चिपवर अनेक कोअर, म्हणजे हिशेब करणारे स्वतंत्र भाग, त्यांत काही मोठे, काही छोटे, काम नसलेला भाग झोपवून ठेवणं, क्षणाक्षणाला व्होल्टेज वरखाली करणं, हे सगळं त्यानंतर बहरलं. आज फोनमध्ये एका सेकंदात कितीतरी वेळा हा हिशेब होतो. बोलीभाषेत आपण ‘फोन हँग होतोय’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो हँग झालेला नसतो, त्यानं जाणूनबुजून पाय आखडता घेतलेला असतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात.

या थ्रॉटलिंगच्या मी विरोधात नाही. उलट ते नसतं तर मेमध्ये खिशाखिशात बॅटऱ्या फुगल्या असत्या. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिच्या तब्येतीला वाईट असतं, म्हणून फोन चार्जिंग थांबवतो. शहाणपणाचंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा निर्णय कुणाच्या सोयीनं घेतला जातो, आणि तो आपल्याला कळतो का?

या बाबतीत कंपन्यांचा इतिहास फारसा चांगला नाही. २०१७ मध्ये ॲपलनं जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग उतरवला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय समर्थनीय होता. पण कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि त्यांनी नवा घेतला. त्या डिसेंबरात कुणीतरी वेगाचे आलेख काढून दाखवले तेव्हा कंपनीनं कबूल केलं, माफी मागितली, ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सनं अडीच कोटी युरो दंड लावला. तो वेग कमी केल्याबद्दल नव्हता, ग्राहकाला न सांगितल्याबद्दल होता. या गदारोळातूनच आज आयफोनमध्ये दिसणारा ‘बॅटरी हेल्थ’चा पडदा आला. सांगायचं ठरवलं तर सांगता येतं, हे त्यानं सिद्ध झालं.

२०२२ मध्ये सॅमसंगची पाळी. त्यांच्या फोनमधली खेळांसाठीची एक सेवा सुमारे १०,००० ॲप्सचा वेग दाबत होती, पण ज्या ॲप्सनी लोक फोनचा वेग मोजतात ती त्या यादीत नव्हती. परीक्षक आले की पोरगा पाठ म्हणून दाखवतो, ते गेले की पेंगतो! कोरियात ग्राहक इतके चिडले की कंपनीच्या वरिष्ठांना भागधारकांच्या सभेत माफी मागावी लागली, आणि वेग मोजणाऱ्या गीकबेंचनं त्या फोनांचे आकडे आपल्या यादीतून काढून टाकले. म्हणजे समीक्षक वातानुकूलित खोलीत बसून जो वेग मोजतात आणि जाहिरातीत जो छापला जातो, तो बुट्टीबोरीच्या रस्त्यावर मिळेल याची खात्री आधीच नसते. त्यात अशी भर.

मग आपलं सरकार काय तपासतं? भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी फोनला, चार्जरला, बॅटरीला सक्तीची आहे. २०१२ च्या आदेशापासून ही व्यवस्था उभी राहिली. तिचा प्रश्न एकच असतो, ही वस्तू सुरक्षित आहे का. शॉक बसेल का, पेट घेईल का. ही वस्तू आमच्या उन्हाळ्यात काम करेल का, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. जाळ दिसला की आपली व्यवस्था धावते, हे खरं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, त्याच सुमारास देशात इतरत्रही पेटल्या, आणि काही महिन्यांत बॅटऱ्यांचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ या विजेवरच्या दुचाकींच्या सुरक्षा-मानकाची सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. सेलमधलं अंतर, तापमानाचे सेन्सर, सगळं त्यात आलं. ठरवलं तर होतं. पण फोन पेटत नाही, नुसता मंदावतो. मंदावण्याचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्याची किंमत मात्र कुणीतरी मोजतं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल सरकारला परत केले. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरायची सक्ती, आणि फोन दोन जीबी रॅमचे, तापणारे, हँग होणारे, दुरुस्तीचा खर्च पदरचा. मोबाइल वापसी आंदोलन म्हणून ते गाजलं. शहरातल्या काही लोकांना त्या बायका तंत्रज्ञानाला घाबरतात असं वाटलं. मला वाटतं, त्या आंदोलनात महाराष्ट्रातली सगळ्यात प्रामाणिक उत्पादन-चाचणी झाली होती. पत्र्याच्या छपराखालच्या अंगणवाडीत, एप्रिलमध्ये, वजनकाट्याशेजारी बसून त्या ताईंनी जे मोजलं ते कुठल्या प्रयोगशाळेनं मोजलं होतं? त्याच महिन्यात राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. ‘फोन उन्हासाठी नसतोच, सावलीत वापरा’ असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. शासनानंच माणसाला फोन देऊन उन्हात उभं केलं आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तांब्याची पट्टी घातली की फोन महागणार, जाड होणार. होईल. म्हणून मी पट्टीची सक्ती मागत नाही, आकड्याची मागतो. ४५ अंशांत अर्ध्या तासानंतर या फोनचा वेग मूळच्या इतके टक्के राहतो, पडद्याचा उजेड इतका राहतो, चार्जिंग होतं किंवा होत नाही. बस. ज्याला एसीत बसून वापरायचा आहे तो कमी आकड्याचा स्वस्त फोन घेईल आणि त्यात काही चूक नाही. ज्याला हँडलवर लावायचा आहे तो कॅमेऱ्याचे दोन लेन्स कमी घेईल. आज त्याला ही निवड करताच येत नाही, कारण आकडाच कुठे नाही.

अशी चाचणी फार अवघड असते असंही नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी थर्मोकोलच्या खोक्यात एक बल्ब, एक छोटा पंखा आणि अंडी उबवायच्या पेटीत असतो तसला थर्मोस्टॅट बसवून ४५ अंशांची पेटी तयार केली होती. त्यांचे आकडे छापण्यालायक नाहीत, फोनही त्यांचेच वापरलेले होते. पण तिसऱ्या वर्षाच्या मुलांना जे एका आठवड्यात आणि किरकोळ खर्चात जमतं ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला जमणार नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: लेबल कोण वाचतं? फार लोक वाचत नाहीत. पण दुकानदार वाचतो, यूट्यूबवर फोनची चिरफाड करणारी मुलं वाचतात, आणि मुख्य म्हणजे निविदा लिहिणारा कारकून वाचतो. सरकार फोन आणि टॅब लाखांच्या संख्येनं घेतं. आमच्याकडे मत मागायला आलेल्या निविदांच्या ज्या मसुद्यांवर मी सह्या केल्या, त्यांत रॅम होती, स्टोरेज होतं, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल होते, बॅटरीचे एमएएच होते. तापमानाची ओळ नव्हती. आणि मीही ती सुचवली नाही. तेव्हा ते मला सुचलंच नाही, हे इथे कबूल केलेलं बरं. निविदेत ती एक ओळ आली तरी कंपन्या पेटी घेऊन चाचणीला बसतील. लाखाची ऑर्डर कुणी सोडत नाही.

युरोपनं २० जून २०२५ पासून फोनवर ऊर्जा-लेबल आणलं. बॅटरी एका चार्जमध्ये किती चालते, किती चार्जिंगनंतर दमते, पडला तर किती टिकतो, दुरुस्त किती सहज होतो, पाणी-धूळ किती सोसतो, हे सगळं त्यावर असतं. उत्तम लेबल आहे, आपण बरंच उचलावं असं. पण त्यावर उन्हाळ्याचा रकाना नाही. का असावा? तो त्यांचा प्रश्न नव्हता. आपल्याकडेही दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवायला ग्राहक व्यवहार खात्यानं समिती नेमली, तिनं २०२५ मध्ये अहवाल दिला. सुटे भाग, हत्यारं, अपडेट यांचा विचार त्यात आहे आणि तो हवाच. उन्हाळ्याचा रकाना आपण घातला नाही तर दुसरं कुणी घालणार नाही.

आणि प्रश्न फोनपुरता नाही. आमच्या वाड्यातला जुना पंखा बंद पडला की इलेक्ट्रिशियन येऊन म्हणायचा, ‘कंडेन्सर गेला’, आणि थोडक्या पैशांत पंखा पुन्हा फिरायचा. आता बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे, पंखे आले. ७०-८० वॉटचं काम ३० वॉटच्या आसपास करतात, वीजबिल खरंच उतरतं, आणि मी स्वतः घरी तीन लावले आहेत. पण त्यांच्या पोटात एक बोर्ड असतो आणि तो बोर्ड छताला चिकटून बसलेला असतो, जिथे खोलीतली सगळ्यात गरम हवा साठते. ‘बोर्ड गेला’ म्हटलं की पंखाच गेल्यासारखा. एलईडी बल्बचंही तसंच. डबीवर वर्षानुवर्षांची हमी असते, ती आतल्या एलईडीची. लुकलुकायला लावतो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा छोटा बोर्ड, आणि त्यातही बहुधा पहिल्यांदा जातो तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्या कपॅसिटरचा ढोबळ नियम आहे: दर १० अंश वाढले की आयुष्य निम्मं. बंद काचेच्या शेडमध्ये, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत तो किती जगणार याचा हिशेब कुणीही करू शकतं. वीज वाचवणारी वस्तू वर्षभरात कचऱ्यात गेली तर वाचवलेल्या विजेचा काय उपयोग?

यंत्रांना थंड ठेवायचं आपल्याला कळत नाही अशातला भाग नाही. नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांमध्ये जाऊन पाहा. ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा असावी अशी आहे, आणि ती पाळायला तिथे रात्रंदिवस चिलर चालतात. म्हणजे ऑर्डर नोंदवणारा सर्व्हर २७ च्या आत, आणि तीच ऑर्डर पोहोचवणारा फोन ४५ मध्ये. मला सर्व्हरचा हेवा वाटत नाही. एकाच व्यवहाराच्या दोन टोकांपैकी एकाच टोकाला तापमानाचं मानक आहे, हे मात्र खटकतं.

आपल्या उन्हाळ्याचं मानक आपण कधी केलंच नाही असंही नाही. एसीवरचे तारे बघा. ते ज्या गणितातून निघतात त्यात आपल्या हवेचा विचार केलेला आहे. बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश, वर्षाला १६०० तास, असा भारतीय ऋतूचा साचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं ठरवला, आणि २०१८ पासून तो सक्तीचा आहे. परक्या देशाच्या हवेवर मोजलेला आकडा आम्हाला चालणार नाही, असं आपण एसीवाल्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. आता तर तेच जाहिरातीत ५० अंशांच्या पुढच्या गोष्टी करतात. मात्र एसी हा घेऊ शकणाऱ्याच्या घरातला. फोन अंगणवाडी ताईचा, डिलिव्हरीवाल्याचा, पीक पाहणी करणाऱ्याचा. ज्याच्याकडे एसी नाही त्याच्याच फोनला ४५ अंशांची परीक्षा द्यावी लागते.

गेल्या महिन्यात भाचीसाठी फोन घ्यायला इतवारीत गेलो होतो. दुकानदार ओळखीचा. तो मेगापिक्सेल सांगत होता, मी विचारलं, ४५ ला चालेल का. त्याला वाटलं हजारांत विचारतोय. ‘‘नाही हो, हा अठराचा.’’ किंमत नाही रे, तापमान, म्हटल्यावर त्यानं खोकं उलटंसुलटं करून सगळ्या बाजूंनी पाहिलं, आतला कागद काढला, चश्मा कपाळावर सरकवून वाचला, आणि मग काउंटरच्या पलीकडे बोट दाखवत म्हणाला, ‘‘असं विचारणारे तिकडे जातात सर. एसी तिकडे आहेत.’’